ब्रेक पॅड बदलायचेत, पण बजेट कमी आहे? पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

सातारा जिल्ह्यात आता वाडी-वस्तीवरही दारात एखादी सेकंडहँड अल्टो, वॅगनआर, ईको नाहीतर बोलेरो उभी दिसते. गाडी घेताना पैसे जमवलेले असतात, पण नंतरच्या खर्चाची तजवीज नसते. मग एक दिवस गॅरेजवाला सांगतो, "पुढचे पॅड संपलेत." आपला पहिला प्रश्न ठरलेला, "कमीत कमी कितीत होईल?"

प्रश्न चुकीचा नाही. पण ब्रेक पॅडच्या बाबतीत सगळ्यात कमी किमतीचा सेट बऱ्याचदा महाग पडतो, आणि घाटात तर जिवावर बेततो. खरी बचत पॅडच्या दर्जात नसते, ती पॅडच्या आजूबाजूच्या खर्चात असते. ती कशी करायची, दुकानात काय विचारायचं आणि बसवताना काय बघायचं, याची ही माहिती. लेख सेव्ह करून ठेवा, दुकानात उभं राहून उघडायला उपयोगी पडेल.

ब्रेक पॅड नेमकं काय करतो?

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या दोन चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. त्या थाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. आपण पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि दोन्ही पॅड थाळीला चिमटीत धरतात. ड्रममध्ये पॅड नसतात, तिथे अर्धगोल ब्रेक शू असतात. त्यालाच आपल्याकडे 'लायनर' म्हणतात.

पॅडचे मुख्य भाग दोन. मागे पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घासणारा मसाला. पैसे आपण या मसाल्याचे देतो. तोच झिजतो, तोच गाडी थांबवतो.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या चाकांवर येतं. म्हणून पुढचे पॅड आधी संपतात आणि मागचे लायनर त्यामानाने जास्त टिकतात. गॅरेजवाला 'चारही चाकांचं करून टाकू' म्हणाला, तर आधी मागचा ड्रम उघडून दाखवायला सांगा.

आपल्या भागात पॅड लवकर का झिजतात?

एकाच कंपनीची, एकाच वर्षाची गाडी सपाट हायवेवर चालणाऱ्याकडे पॅड जास्त टिकतात आणि आपल्याकडे कमी. कारणं तीन.

पहिलं कारण घाट. पसरणी, केळघर, कुंभार्ली, आंबेनळी, खंबाटकी. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साडेपाचशे ते सहाशे मीटरचा फरक आहे. एवढी उंची उतरताना गाडीतून जी ऊर्जा बाहेर पडते, ती हिशोबाने ताशी ६० च्या वेगातून गाडी सुमारे चाळीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. यातला थोडा वाटा वारा आणि टायरचं घर्षण घेतं. गाडी गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन घेतं. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर उरलेली सगळी उष्णता पॅड आणि डिस्कवरच येते.

दुसरं कारण धूळ आणि चिखल. माण-खटावकडची धूळ पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसून घासकागदासारखं काम करते. पाटण-जावळीच्या पावसात चिखल कॅलिपरच्या पिनांपर्यंत जातो, पिना गंजतात आणि पॅड मोकळा सुटत नाही. ब्रेक सोडला तरी तो थोडा घासतच राहतो.

तिसरं कारण वजन. पाच जणांच्या गाडीत सात माणसं आणि वर बाजाराची पोती असली, की प्रत्येक ब्रेकला पॅडवर जास्त काम पडतं.

बदलायची वेळ खरंच झाली का? आधी मोजा

सगळ्यात मोठी बचत इथे होते. नवीन पॅडवरचा मसाला साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी करा. २ मिलिमीटर राहिला असेल, तर गाडी घाटात नेऊ नका, आधी पॅड बदला. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

मोजायला शाळेची पट्टी पुरते. सपाट जागी गाडी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकाच्या मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारून फोटो काढा. फोटो मोठा करून बघा. पोलादी पट्टी सोडून फक्त मसाल्याची जाडी धरायची, हे विसरू नका. बरेच जण पट्टीसकट मोजतात आणि 'अजून भरपूर आहे' म्हणतात.

बाहेरचा पॅड दिसतो, आतला सहसा दिसत नाही. कित्येकदा आतलाच आधी संपतो. म्हणून टायर अदलाबदलीला किंवा पंक्चरला चाक खोललं की दोन्ही पॅड बघून घ्या. चाक तसंही निघालेलं असतं, वेगळी मजुरी पडत नाही.

मसाला ६-७ मिलिमीटर असताना कुणी 'बदलूनच टाका' म्हणालं, तर कारण विचारा. मसाल्याला तडा गेला असेल, तो पट्टीपासून सुटत असेल किंवा त्यावर तेल उतरलं असेल, तर जाडी असूनही बदलावाच लागतो. यातलं काही नसेल तर थांबायला हरकत नाही.

लक्षणं ओळखा

- सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला बारीक आवाज आणि मग बंद: रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेला हलका गंज. काळजी नाही.
- ब्रेक दाबला की रोजच बारीक, कर्कश 'चीं' असा आवाज: काही पॅडना एक पोलादी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला लागून आवाज करते. पॅड बघून घ्या. धुळीनेही असा आवाज येतो.
- जाड 'खर्रर्र' असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज: मसाला संपला, पोलादी पट्टी डिस्कला लागली. गाडी चालवू नका. आता प्रत्येक किलोमीटरला डिस्क खराब होते आणि डिस्कचा खर्च पॅडपेक्षा मोठा असतो.
- ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते: एका बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो, किंवा एका पॅडवर तेल उतरलेलं असतं. नुसते पॅड बदलून हे जात नाही.
- पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.
- पेडल खाली खाली जातं किंवा स्पंजासारखं मऊ लागतं: हा पॅडचा दोष नसतो. ब्रेक ऑइल गळतंय, लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. गाडी जागेवर ठेवून मेकॅनिकला बोलवा.
- बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते: पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच. पण वारंवार भर घालावी लागत असेल तर गळती शोधा.

मसाल्याचे प्रकार: आपल्याला कोणता हवा?

दुकानात तीन नावं ऐकू येतात.

ऑरगॅनिक पॅड: यात तंतू, रबर, राळ असे पदार्थ असतात. आवाज कमी, डिस्कला सौम्य, किमतीला परवडणारे. गावातल्या गावात, तालुक्याच्या बाजारापर्यंत चालणाऱ्या हलक्या गाडीला पुरतात. दर्जा हलका असेल तर लांब उतारावर तापून पकड सोडतात.

सेमी-मेटॅलिक पॅड: मसाल्यात लोखंडाचा, पोलादाचा अंश जास्त. उष्णता चांगली सहन करतात. थोडा आवाज जास्त आणि डिस्क थोडी जास्त झिजते. भरलेल्या आणि घाटातून कायम ये-जा करणाऱ्या जड गाड्यांना उपयोगी.

सिरॅमिक पॅड: काळी भुकटी कमी, आवाज कमी, टिकाऊ. पण महाग. आपल्या छोट्या गाडीला त्याची गरज सहसा नसते. बजेट कमी असताना इथे पैसे घालू नका.

सोपा नियम असा, की कंपनीने गाडीला जो प्रकार लावून दिला होता, तोच घ्या. ब्रेकची सगळी जुळणी त्यावर बेतलेली असते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. पॅकिंगवर 'एस्बेस्टॉस फ्री' लिहिलेलं बघा. एस्बेस्टॉसची भुकटी श्वासातून गेली तर फुप्फुसाचे आजार आणि कॅन्सर होतो. गाडीवाल्यापेक्षा रोज ब्रेक खोलणाऱ्या मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला हा धोका जास्त आहे.

बाजारातल्या चार पायऱ्या

१. कंपनी जेन्युइन: गाडी कंपनीच्या नावाच्या खोक्यात येणारा पार्ट. जसं मारुती सुझुकी जेन्युइन पार्ट्स. मापाची खात्री असते, किंमत सहसा जास्त.

२. नामांकित पार्ट कंपन्या: राणे, ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग, ऑलाइड निप्पॉन, बॉश वगैरे. गाडी कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत, अशाच कंपन्यांकडून घेतात. त्यामुळे यांचा तुमच्या गाडीसाठीचा सेट चांगला पर्याय ठरतो आणि बऱ्याचदा जेन्युइनपेक्षा स्वस्त मिळतो. कमी बजेटवाल्याने याच पायरीवर थांबावं.

३. अनोळखी 'लोकल' माल: बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नाव कधी न ऐकलेलं, भाव मात्र निम्म्याहून कमी. चालेलही, नाही पण चालणार. आधी सांगता येत नाही, हाच त्याचा दोष.

४. डुप्लिकेट: नाव आणि खोका नामांकित कंपनीचा, आत भलताच माल. हा सगळ्यात वाईट, कारण पैसे चांगल्या मालाचे जातात.

स्वस्त पॅडने नेमकं काय बिघडतं? ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समजा, चांगल्या पॅडवर पाय दाबल्यापासून गाडी २१ मीटरमध्ये थांबते. पॅडची पकड पाव हिश्श्याने कमी असेल आणि पाय तेवढ्याच जोराने दाबला, तर तीच गाडी २८ मीटरवर थांबेल. हे सात मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या दोन अल्टो. ऊस भरलेला ट्रॅक्टर समोर अचानक वळला, तर एवढंच अंतर हातात असतं.

गाडीला एबीएस आहे म्हणून पॅड कसाही चालतो, असंही नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पकड पॅडलाच द्यावी लागते.

दुकानात जाण्याआधी मोबाइलमध्ये हे फोटो ठेवा

'स्विफ्टचे पॅड द्या' एवढं सांगून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे, पेट्रोल-डिझेलप्रमाणे, मॉडेलप्रमाणे पॅड बदलतात.

- आरसीचा फोटो. त्यात चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष असतं. कागद सापडत नसेल तर डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अॅपवर आरसी मिळते.
- जुन्या पॅडचा फोटो, दोन्ही बाजूंनी. मागच्या पट्टीवरचे आकडे नीट दिसू द्या.
- जमलं तर जुना पॅडच सोबत न्या. नव्याशेजारी ठेवून आकार, भोकं, कानांची जागा जुळवा.

हे फोटो व्हॉट्सअॅपवर तीन दुकानांना पाठवा. एक तालुक्याचं, एक साताऱ्याचं किंवा कराडचं, एक कंपनीचं अधिकृत पार्ट दुकान. पुण्याला कुणी जाणार असेल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातही विचारता येतं. भाव विचारताना 'कोणत्या कंपनीचा आणि एमआरपी किती' हे दोन्ही विचारा. नुसत्या भावावरून तुलना होत नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दुकानात जुन्या एमआरपीचा खोका निघाला, तर नवीन दराने किती होतात ते विचारून घ्या.

खोका हातात घेतल्यावर काय बघायचं?

- बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा नंबर. पॅकबंद मालावर ही माहिती छापणं कायद्याने बंधनकारक आहे.
- छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, सील उघडून परत चिकटवलेलं असेल तर ठेवून द्या.
- काही कंपन्या होलोग्राम, क्यूआर कोड किंवा स्क्रॅच लेबल देतात. दुकानातच मोबाइलने स्कॅन करा.
- पॅडवरही कंपनीचं नाव किंवा चिन्ह, पार्ट नंबर आणि बॅच नंबर असतो. खोक्यावर नाव आणि पॅड कोरा, असं असेल तर घेऊ नका.
- मसाला पट्टीला सगळीकडून चिकटलेला हवा. कडेला फट, तडे, उडालेले तुकडे नकोत.
- सेटमध्ये चार पॅड असतात, दोन उजव्या चाकाचे, दोन डाव्याचे. चारही सारखे आहेत का बघा.

काही पॅडच्या कडेला 'एफएफ', 'ईई' अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई'पेक्षा 'एफ'ची पकड जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. घाटातल्या गाडीला हे बघावंच. पण ही अक्षरं टिकाऊपणा सांगत नाहीत आणि डुप्लिकेटवरही छापता येतात. त्यामुळे केवळ त्यावर भरवसा नको.

मोठ्या वेबसाइटवरून मागवणार असाल तर विकणाऱ्याचं नाव वाचा. कंपनीचं स्वतःचं दुकान किंवा अधिकृत विक्रेता असेल तरच घ्या. परत घेण्याची मुदत बघा आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा.

हिशोब किलोमीटरचा करा

समजा एक सेट ४०० रुपयांना आहे आणि दुसरा १,००० ला. मजुरी दोन्हीला ३०० धरू. हे आकडे फक्त उदाहरणाला आहेत, तुमच्या गाडीचे आकडे घालून हाच हिशोब करा.

पहिला सेट १२ हजार किलोमीटर चालला, तर ७०० रुपयांत १२ हजार. म्हणजे दर हजार किलोमीटरला ५८ रुपये.

दुसरा ३५ हजार चालला, तर १,३०० रुपयांत ३५ हजार. दर हजार किलोमीटरला ३७ रुपये.

वर पहिल्याने डिस्क खाल्ली तर तो खर्च वेगळा, आणि दर वर्षी गॅरेजला जाऊन दिवस मोडतो तो वेगळाच. म्हणून पॅड बदलले की त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग आणि पॅडचं नाव बिलावर लिहून बिलाचा फोटो ठेवा. पुढच्या वेळी कोणता सेट परवडला हे कुणाला विचारावं लागणार नाही.

पैसे इथे वाचवा

- जेन्युइनच्या ऐवजी नामांकित पार्ट कंपनीचा सेट घ्या.
- पार्ट स्वतः आणा आणि गावातल्या भरवशाच्या मेकॅनिककडून बसवून घ्या. मजुरी आधी ठरवा.
- पुढचे पॅड बदलताना मागचे लायनर चांगले असतील तर ते राहू द्या.
- डिस्क लेथवर तासायची गरज दर वेळी नसते. खोल चर, थरथर किंवा कडेला मोठा उंचवटा असेल तरच विचार करा.
- टायर किंवा सर्व्हिसिंगच्या वेळीच पॅडचं काम करून घ्या.

इथे वाचवू नका

- एकाच चाकाचे पॅड बदलू नका. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने असले की गाडी ओढते. पुढची दोन्ही चाकं एकदमच करायची.
- भंगारातून काढलेले वापरलेले पॅड घेऊ नका. ते किती तापलेत, तेल लागलंय का, काही कळत नाही.
- माप जुळत नाही म्हणून ग्राइंडरने पट्टी घासून पॅड बसवू देऊ नका. चुकीचा पार्ट परत करा.
- डिस्क ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ झाली असेल तर ती बदला. किमान जाडी बऱ्याच डिस्कवर इंग्रजीत कोरलेली असते. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते.
- ब्रेक ऑइलची टाळाटाळ नको. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. साधारण दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये दिलंय तेव्हा बदला. डबीच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच वापरा आणि सीलबंद बाटली घ्या.

बसवताना उभं राहून हे बघा

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही.

२. भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

३. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचं ग्रीस लावावं. साधं चेसिस ग्रीस नको, त्याने पिनांवरचं रबर फुगतं. हे पाच मिनिटांचं काम बरेच जण टाळतात. पिन अडकली की नवा पॅडही एका बाजूने झिजतो.

४. पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष द्या. पातळी वर येते. सांडलं तर गाडीचा रंग जातो, लगेच पाण्याने धुवा.

५. मसाल्यावर आणि डिस्कवर तेलाचा, ग्रीसचा हात लागू देऊ नका.

६. सगळं बसल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबा. हे राहिलं तर गाडी गॅरेजबाहेर काढताना पहिला ब्रेक लागतच नाही.

७. जुने पॅड बघायला मागा. चारही सारखे झिजलेत का? आतला जास्त, बाहेरचा कमी, असं असेल तर पिन किंवा पिस्टनचं काम बाकी आहे.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर

नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांवर बसायला वेळ लागतो. तोपर्यंत पकड पूर्ण नसते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंतर ठेवून चालवा, ब्रेक हळूहळू आणि आधीपासून दाबा, ओव्हरलोड करू नका. पॅड आज बदलले आणि उद्या पाहुण्यांना घेऊन महाबळेश्वर, असा बेत असेल तर बेत किंवा पॅड, एक काहीतरी आठवडाभर आधी करा.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून चाकांजवळ हात न्या, डिस्कला मात्र हात लावू नका. उजव्या-डाव्या चाकात एक फारच तापलं असेल, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये.

घाट उतरताना: पॅड वाचतात आणि माणसंही

डिझेल-पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, काही जण तर इंजिनच बंद करणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. मग पेडल दगडासारखं कडक होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. इंधनाचीही बचत होत नाही. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनचं इंधन आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं.

जो घाट चढायला दुसरा गिअर लागतो, तो उतरायलाही साधारण दुसराच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला किंवा ब्रेक दाबूनही गाडी नेहमीसारखी थांबत नाही असं वाटलं, तर खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते.

फसवणूक झाली तर

पक्कं बिल घ्या. त्यावर कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लिहून घ्या. नुसतं 'ब्रेक पॅड १ सेट' लिहिलेल्या चिठ्ठीवर पुढे काही सिद्ध करता येत नाही. माल डुप्लिकेट निघाला तर खोका, पॅड आणि बिल जपून ठेवा. आधी दुकानदाराला आणि खोक्यावरच्या कंपनीच्या नंबरवर कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

थोडक्यात

- मसाला पट्टीने मोजा. ३ मिलिमीटरवर तयारी, २ वर घाट बंद.
- आरसी आणि जुन्या पॅडचे फोटो तीन दुकानांना पाठवा.
- नामांकित पार्ट कंपनीचा, एस्बेस्टॉस फ्री, सीलबंद सेट घ्या. पुढची दोन्ही चाकं एकदम करा.
- पिनांना ब्रेक ग्रीस लावलं का आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट झालं का, हे स्वतः बघा.
- ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर ते याच वेळी बदला.
- बिलावर किलोमीटर रीडिंग लिहा आणि फोटो काढून ठेवा.